"तो काही करत नाही हो!" म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

पुण्यातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे दत्तक घेतलेली देशी कुत्री आहे, कायम पट्ट्यावर असते. सोबत सहा वर्षांची मुलगी असते. सकाळी टेकडीवर आणि संध्याकाळी सोसायटीजवळच्या बागेत काहीजण आपली कुत्री मोकळी सोडतात. ती धावत अंगावर येतात, मुलगी किंचाळते, कुत्री गुरगुरते आणि मालक पन्नास पावलांवरून ओरडतात, "तो काही करत नाही हो!" दोनदा भांडण झालंय. आता काठी किंवा पेपर स्प्रे बाळगावा का, कायदा काय म्हणतो, आणि या लोकांशी बोलायचं तरी कसं, असं त्यांनी विचारलंय.

माझं काम कुत्र्यांना शिकवण्याचं. खरं तर त्यातला बराचसा वेळ मालकांना शिकवण्यात जातो. त्यामुळे "काही करत नाही" हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकलेलं आहे. माझं उत्तर थोडक्यात असं: कुत्रा अंगावर येत असताना फक्त कुत्रा हाताळा, मालकाला नंतर बघा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. कुत्रा वीस फुटांवर आलेला असतो आणि आपण त्याच्याकडे पाठ करून मालकाशी वाद घालत असतो. आपला आवाज चढतो, हातातला पट्टा ताणला जातो, आणि आपल्या कुत्रीला कळतं की बाई घाबरल्यात, म्हणजे समोरचा नक्कीच वाईट आहे. पुढची मारामारी निम्मी तिथेच ठरते.

आधी येणारा कुत्रा कसा येतोय ते बघायला शिका. अंग सैल, तोंड उघडं, शेपटी कमरेच्या पातळीला आणि सगळं बूड हलतंय, धाव जरा वळणावळणाची, तर तो बहुधा खेळायला आलाय. सरळ रेषेत, मान खाली, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली आणि शेपटी काठीसारखी ताठ वर, तर सावध. ताठ शेपटी वरच्या वर थरथरत असेल तर लोक म्हणतात "बघा, शेपटी हलवतोय." ती मैत्रीची खूण नाही, तो फक्त तापलाय एवढाच तिचा अर्थ.

पण खरी गोम अशी की पहिल्या प्रकारचा, म्हणजे अगदी लाडोबा कुत्रासुद्धा घोटाळा करतो. तुमच्याच बाबतीत काय होत असेल ते सांगतो. मोकळी कुत्री एकमेकांना भेटतात तेव्हा समोरासमोर जात नाहीत. बाजूने, अर्धगोल घेऊन येतात, मागचा भाग हुंगतात आणि नको असेल तर निघून जातात. तुमची कुत्री पट्ट्यावर आहे, तिला निघून जाता येत नाही. समोरून तीस किलोचा लॅब्रॅडॉर थेट तोंडावर येऊन आदळतो आणि हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवतो. ती एकदम गोठते. ओठ चाटते, मान वळवते, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसायला लागतो. हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं. लॅबला ते वाचता येत नाही, कारण त्याला लहानपणापासून कुणी "नको" म्हटलेलंच नाही. मग ती फटकन तोंड मारते. आणि मालक काका येऊन म्हणतात, "तुमचीच चावरी दिसतेय, मुसकं घाला तिला." तिने शिस्तीत तीन वेळा नको म्हटलं होतं हो, चौथ्यांदा जोरात म्हटलं.

म्हणून समोरचा कुत्रा स्वभावाने गोड आहे की नाही, या वादात मुळीच पडू नका. तो वाद तुम्ही हरणारच, कारण मालकाला त्याचा कुत्रा गोडच वाटतो आणि पुष्कळदा तो असतोही. विचारायचं एवढंच: हाक मारल्यावर येतो का? दुसरा कुत्रा, पळणारं मूल किंवा कुणाच्या हातातली भेळ समोर असताना पहिल्या हाकेला फिरतो का? फिरत नसेल तर तो पट्ट्यावर हवा. मग तो कितीही प्रेमळ असो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. दुरून मोकळा कुत्रा दिसला की वाट बदला, त्यात कमीपणा नाही. पट्टा आखूड धरा पण सैल ठेवा, ताणू नका. जवळ आलाच तर तुमची कुत्री मागे आणि तुम्ही मधे, पंजा पुढे करून जड आवाजात एकच शब्द: "सिट!" हसू नका. आपल्याकडच्या मराठी घरांतली कुत्रीही इंग्रजीतच शिकलेली असतात; "थांब रे बाबा" त्यांना कळत नाही, पण "सिट" ऐकून कितीतरी लॅब धावताधावता सवयीने बूड टेकतात. तेवढ्यात निघायचं. दुसरा उपाय खिशातल्या खाऊचा. मूठभर बिस्किटाचे तुकडे किंवा चिकनचे बारीक खडे आपल्या पायाशी टाकायचे नाहीत, येणाऱ्याच्या नाकासमोर, जमिनीवर विखरून टाकायचे. तो वेचेपर्यंत तुम्ही पंधरा-वीस पावलं लांब गेलेल्या असता.

आणि एक युक्ती, जी मी अनेकांना शिकवलीय. मालक ढिम्म उभा असेल तर ओरडायचं, "धरा त्याला, हिला खरूज झालीय!" ज्या माणसाला तुमच्या मुलीच्या किंचाळण्याने काही वाटलं नाही, तो हे ऐकून असा पळत येतो की बघत राहावं. खोटं आहे, मान्य. चालवून घ्या.

मुलीला मात्र पळू नको एवढं सांगून भागणार नाही, सराव करून घ्या. मुलांना स्टॅच्यूचा खेळ माहीत असतो. "कुत्रा आला की स्टॅच्यू": हात छातीशी बांधलेले, नजर स्वतःच्या बुटांवर, तोंड बंद. पळणारी आणि किंचाळणारी वस्तू कुत्र्याला पाठलागाला बोलावते. निश्चल उभ्या वस्तूतला रस बहुतेकांचा दोन-चार हुंगण्यांत संपतो. पडलीच तर गुडघे पोटाशी, हातांनी मान आणि कान झाकून गोळा व्हायचं. घरात रोज एकदा खेळून घ्या, पंधरवड्यात अंगवळणी पडतं. शेवटच्या क्षणी तिला झटकन उचलू नका. हलणारे पाय बघून कुत्रा उडी मारतो. तिला तुमच्या पाठीशी घ्या. हाच नियम छोटी कुत्री बाळगणाऱ्यांनाही.

मारामारी जुंपलीच तर दोघांच्या तोंडांमध्ये हात घालायचा नाही. मी पाहिलेल्या माणसांच्या जखमांपैकी बऱ्याचशा कुत्रा चावायला आला म्हणून झालेल्या नाहीत. आपल्याच कुत्र्याचा पट्टा सोडवायला गेलेल्या हातावर झालेल्या आहेत. काठीने बडवू नका, तापलेला कुत्रा आणखी घट्ट धरतो. पाण्याची बाटली तोंडावर रिकामी करा, जाकीट किंवा ओढणी डोक्यांवर टाका. दोन मोठी माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीजवळ धरून, उचलून मागे चालायचं. एकट्याने हे करू नका, कारण मोकळा राहिलेला दुसरा कुत्रा सोडत नाही. नंतर आपल्या कुत्रीचं अंग केस बाजूला करून तपासा. बाहेरून टाचणीएवढी दोन भोकं दिसतात आणि आत कातडी मांसापासून सुटलेली असते. तिसऱ्या दिवशी तिथे पू झालेला असतो. छोटं भोक दिसलं तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

माणसाला दात किंवा नख लागलं तर गप्पा बंद. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रक्त न येता खरचटलं असेल तरी रेबीजची लस लागते. रक्त आलं असेल, किंवा तोंडात, डोळ्यात वा उघड्या जखमेवर लाळ गेली असेल तर लशीबरोबर जखमेत सोडायचं रेबीजविरोधी इंजेक्शनही लागतं. दंडात घ्यायच्या लशीचे दिवस 0 (म्हणजे पहिल्या लशीचा दिवस), 3, 7, 14 आणि 28. सरकारी दवाखान्यांत कातडीच्या थरातच देतात तिचे 0, 3, 7 आणि 28. मालकाकडून कुत्र्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो जागेवरच मागून घ्या आणि कुत्रा पुढचे दहा दिवस नजरेसमोर राहील हे बघा. "सगळी इंजेक्शनं झालीयत" हे तोंडी उत्तर चालत नाही. पुस्तिका बघितली की मागच्या वर्षीची नोंदच नाही, हे मी नेहमी बघतो. पुस्तिका येईपर्यंत लस थांबवायची नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचवता येत नाही, त्यामुळे इथे "बघू उद्या" नाही.

आता मालक. सरसकट सगळे बेफिकीर नसतात, त्यात जाती आहेत. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असण्याऐवजी स्वतःच्या गळ्यात उपरण्यासारखा टाकून फोनवर बोलणारे असतात. त्यांना खरंच कळलेलं नसतं की आपण काय करतोय. दुसरे आहेत ते वीस फूट लांब सुटणाऱ्या गुंडाळीच्या पट्टेवाले. पट्टा आहे म्हणून ते निर्धास्त, पण ती बारीक दोरी कुणाच्या पोटरीभोवती गुंडाळली जाते तेव्हा कापते. आणि तिसरे तर बागेत येतच नाहीत. त्यांचा रॉटवायलर सोसायटीचा वॉचमन किंवा कामाला असलेला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा फिरवतो, ज्याचं स्वतःचं वजन कुत्र्यापेक्षा थोडंसंच जास्त असतं. त्या पोराशी भांडून काय उपयोग? त्याला आत्ताच कुत्र्याने फरपटत आणलेलं असतं. त्याच्याकडून फ्लॅट नंबर घ्या आणि संध्याकाळी मालकाचं दार वाजवा.

बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, कुत्री बरोबर नसताना, आणि जमलं तर चहाच्या टपरीवर. "तुमचा कुत्रा धोकादायक आहे" म्हटलंत की संपलं, समोरचा वकील होतो. त्याऐवजी स्वतःबद्दल बोला: "काका, माझी मुलगी फार घाबरते आणि आमची कुत्री पट्ट्यावर असताना दुसऱ्याला जवळ घेत नाही. आम्ही दिसलो की तेवढ्यापुरता त्याला पट्टा लावाल का?" यात त्यांच्या कुत्र्यावर कसलाच आरोप नाही आणि मागणी छोटी, स्पष्ट आहे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक लोक एवढ्यावर ऐकतात. आणि तुमच्या बागेत पट्टा लावणारे, विष्ठा उचलणारे दोन-तीन चांगले कुत्रेवाले असतीलच. त्यांना पुढे करा. कुत्रेवाला कुत्रेवाल्याचं ऐकतो; कुत्रा नसलेल्याने तेच सांगितलं तर तो "प्राणीद्वेष्टा" ठरतो.

सोसायटीने मात्र घाईत "बागेत कुत्र्यांना बंदी" असा ठराव करू नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्री ठेवण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, मुसक्याची सक्ती करता येत नाही. त्याच सूचनांत मालकांनी सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्यावर ठेवावा आणि घाण साफ करावी असंही आहे, पण ते पान कुणी पुढे पाठवत नाही. बंदीचा ठराव पहिल्याच वकिली नोटिशीला गळून पडतो. वेळा ठरवणं टिकतं: सकाळी ठरावीक तासभर आणि रात्री जेवणानंतर बागेचा एक भाग कुत्र्यांचा, मुलांच्या खेळायच्या वेळी कुत्री बाहेर, आणि सगळ्या वेळी पट्टा. महापालिकेची बाग असेल तर फाटकावरचा नियमांचा फलक आधी वाचा. शहरातल्या बऱ्याच उद्यानांत कुत्र्यांना प्रवेशच नसतो, मग तुमचं काम सोपं. तक्रार उद्यान विभागाकडे, लेखी, तारीख-वेळ घालून.

कायदा आहे, आणि लोकांना वाटतो त्यापेक्षा धारदार आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 291: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला संभाव्य धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हाच गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम 289 होतं आणि दंड एक हजाराचा होता. नीट वाचा: कुत्रा चावलाच पाहिजे असं त्यात म्हटलेलं नाही. चावून दुखापत झाली तर त्यावरची कलमं वेगळी लागतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मध्येही हिंस्र कुत्रा मुसक्याशिवाय सार्वजनिक जागी मोकळा सोडण्याला मनाई आहे. आणि हे नुसतं कागदावर नाही. मुंबईत एका व्यावसायिकाला त्याच्या रॉटवायलरने नातेवाईक वृद्धाला चावल्याबद्दल 2023 मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांची कैद सुनावली. घटना मात्र 2010 ची होती. यातून दोन्ही गोष्टी घ्या: शिक्षा होते, पण तेरा वर्षं थांबायची तयारी लागते. म्हणून पोलीस चौकी ही शेवटची पायरी ठेवा. फक्त चावा झाला असेल किंवा तोच कुत्रा परत परत अंगावर येत असेल तर मागेपुढे बघू नका.

त्या दिवसासाठी कागद आधीपासून जमवा. फोनमध्ये तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण हजर होतं, एवढी दोन ओळींची नोंद प्रत्येक वेळी. दुरून घेतलेला फोटो किंवा व्हिडिओ, ज्यात कुत्रा आणि मोकळा गळा दोन्ही दिसतील. जखमेचे फोटो, दवाखान्याचा केसपेपर, बिलं. पालिकेकडे कुत्र्याची नोंदणी आहे का हेही विचारता येतं. ती नसेल तर तक्रारीला वजन येतं. व्हिडिओ गावभर पसरवू नका. समाजमाध्यमांवर गेलेलं प्रकरण मिटत नाही, त्यात दोन तट पडतात आणि कुत्रा मोकळा तो मोकळाच राहतो.

कुणी म्हणेल, जातीवरच बंदी घाला. केंद्राने मार्च 2024 मध्ये पिटबुल, रॉटवायलरसह 23 जातींबाबत तसं पत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात ते रद्द केलं. व्यक्तिशः मला जातीपेक्षा हातातल्या पट्ट्याची काळजी जास्त वाटते. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याची चूक महाग पडते, हे खरं. पण बागांमधून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त नाव येतं ते लॅब्रॅडॉरचं, आणि पोटऱ्यांना चावणाऱ्यांत चिमुकले पॉम आघाडीवर. (भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवलाय. त्यांना 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आणि सर्वोच्च न्यायालयाचे आदेश लागू होतात. तिथे बोलायला मालकच नसतो.)

हे वाचणाऱ्यांत मोकळं सोडणारेही असतील, तर त्यांच्यासाठी. कुत्रा हाकेला येत नाही याचं सर्वांत मोठं कारण मला रोज दिसतं. अख्खा तासभर मालक हाक मारत नाही आणि घरी निघायच्या वेळी एकदाच मारतो. कुत्रा मूर्ख नाही. हाक म्हणजे मजा संपली, हे तो चार दिवसांत शिकतो. उलटं करा. दहा मीटरची सुती दोरी हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) बांधा, हाक मारा, आला की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्या आणि पुन्हा सोडा. एका फेरीत दहा-पंधरा वेळा. त्यातली एकच हाक घरी जायची. आठ महिने ते दीड वर्ष या वयात पोर बिघडतंच. पिल्लू असताना मागेमागे फिरणारा ब्रुनो अचानक बहिरा होतो. नेमक्या त्याच वयात लोक दोरी सोडतात. आणि हाक मारून उशिरा आलेल्या कुत्र्याला फटका मारलात तर पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येईल.

टेकडीवाल्यांना वेगळं सांगायला हवं. वेताळ टेकडी किंवा तळजाईवर मोर आहेत. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो आणि जमिनीवर घरटं करतो. तुमचा कुत्रा झुडपात घुसून "जरा पळवून आला" म्हणजे काय करून आला ते तुम्हाला दिसत नाही. तिथला काही भाग वनखात्याचा आहे. तिथे मोकळं सोडण्याचं समर्थन मला कुठल्याच बाजूने करता येत नाही.

राहिला काठी-स्प्रेचा प्रश्न. पेपर स्प्रे नको. टेकडीवरचा वारा तो तुमच्या मुलीच्या डोळ्यांत आणून टाकेल, आणि डोळे चुरचुरणारा कुत्रा पळून जाईलच असं नाही. काठी हातात असायला हरकत नाही, पण ती आडवी धरून अंतर राखण्यापुरती. आधी मारलंत की प्राणिक्रूरतेची तक्रार तुमच्यावरच येते आणि इतके दिवस जमवलेले कागद वाया जातात. माझी पसंती घडीच्या छत्रीला, ती बटण दाबून उघडणारी असते ना, तिला. समोर फटकन उघडली की बहुतेक कुत्री जागच्या जागी थबकतात, आणि आडोशाने तुम्हा तिघींना मागे सरकता येतं. फक्त आधी आठवडाभर घरात, हातात खाऊ घेऊन, आपल्या कुत्रीला ती उघडण्याची सवय लावा. नाहीतर टेकडीवर सर्वांत आधी पळ काढेल ती तीच.